वहीतला तिसरा रकाना

सापडलेकाका हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण एका गिऱ्हाइकाने ते आडनावच समजून पाकिटावर ‘श्री. सापडले यांस’ असं लिहून आभाराचं पत्र पाठवलं होतं. काकांनी ते पत्र मोठ्या मानाने घरी नेलं आणि बायकोला वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “म्हणजे मी सौ. सापडले झाले का? मग त्या गृहस्थांना हेही कळवा, की सौ. सापडलेंनी आज सकाळी तुमचा चष्मा धान्याच्या डब्यावरून शोधून काढला.” सगळ्या जगाच्या वस्तू शोधून देणाऱ्या या माणसाला स्वतःचा चष्मा रोज बायकोच शोधून देत असे. संसार म्हटला की कामाची वाटणी आलीच.

काका एका कारखान्याच्या फाटकावर बसत. कारखाना लहान, चाळीसेक माणसांचा, पण काम नाजूक. इथे कृत्रिम पाय बनत. अपघातात किंवा आजारात पाय गमावलेली माणसं कुबड्या घेऊन यायची आणि काही आठवड्यांनी कुबड्या काखेत मारून, जरा तोऱ्यातच, चालत जायची. काकांनी फाटक उघडायचं, आलेल्याचं नाव लिहायचं, बसायला बाक दाखवायचा. कामाच्या कागदावर एवढंच लिहिलेलं होतं. पण त्यांच्या चौकीत एक पत्र्याचं कपाट होतं, कपाटात एक लांबट वही होती आणि काकांचा सगळा जीव त्या वहीत होता.

याला कारण त्यांची आधीची नोकरी. बावीस वर्षं ते बस आगारातल्या ‘हरवले-सापडले’ या खिडकीवर होते. लोक बसमध्ये काय काय विसरतात हे ऐकायचं असेल तर काकांसमोर निवांत बसावं. छत्र्या आणि डबे यांची तर ते गणतीच करत नसत. एकदा दातांची कवळी आली. एकदा पिंजऱ्यासकट पोपट आला, आणि मालक सापडेपर्यंतच्या नऊ दिवसांत तो ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणायला शिकला. त्या खिडकीवरच्या जुन्या साहेबांनी काकांना पहिल्याच दिवशी काम शिकवलं होतं. वस्तू आली की आधी वहीत लिहायची, काय, आणि कुठे-किती वाजता. मग ती उघडायची, पण एकट्याने नाही. साक्षीदार शेजारी हवा, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. आत नाव, पत्ता, फोटो, काहीतरी मिळतंच. त्यावरून मालक गाठायचा आणि तिसऱ्या रकान्यात त्याचं नाव घालायचं. त्या रकान्याचं शीर्षक होतं ‘कोणाची?’ “हा रकाना रिकामा राहिला,” जुने साहेब म्हणायचे, “तर समजायचं आपण नुसत्या खुर्च्या गरम केल्या.”

पुढे आगाराने ती खिडकी बंद केली. काका या कारखान्याच्या फाटकावर आले आणि येताना आपली पद्धत सोबत घेऊन आले. अकरा वर्षांत त्यांच्या वहीतला तिसरा रकाना एकदाही रिकामा राहिला नव्हता. कानातलं, किल्ल्या, औषधाची चिठ्ठी, छोट्या मुलाचं पांघरूण, सगळं ज्याचं त्याला गेलं. एकदा बाकाखाली एकटाच डावा बूट सापडला. आता या कारखान्यात एकटा बूट सापडणं ही काही पोलिसांना कळवायची गोष्ट नव्हे, पण मालक सापडेना. काकांनी दोन वर्षं तो बूट पुसून ठेवला. दोन वर्षांनी एक बाई दुरुस्तीसाठी आल्या, काकांनी त्यांच्या उजव्या पायातला बूट पाहिला आणि तिथूनच ओरडले, “सापडलं!” बाई घाबरून मटकन खाली बसल्या.

तर अशा माणसाच्या हातून त्या मंगळवारी जे झालं, ते त्यांच्या वाईटपणामुळे झालं नाही. मला तर वाटतं, ते थोडे कमी भले असते तर झालंच नसतं.

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी फाटकाच्या आतल्या बाजूला, सायकली लावायच्या जागेजवळ, काकांना एक जुडगा दिसला. एका कडीत एक पितळी किल्ली आणि एक पेनड्राइव्ह, आणि त्यावर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर निळ्या शाईत बारीक अक्षरं, ‘घरचे फोटो’. किल्ली म्हणजे कोणीतरी बंद दाराबाहेर उभं राहणार. आणि घरचे फोटो म्हणजे तर काय, बोलायलाच नको. त्यांनी वही काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लिहिलं: ‘किल्ली व पेनड्राइव्ह. सायकलींजवळ, ८.२०.’ तिसरा रकाना तूर्तास मोकळा.

येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं. कोणाचीच किल्ली नव्हती. मग पुढची पायरी, वस्तू उघडून बघायची. आता पेनड्राइव्ह उघडायचा म्हणजे कॉम्प्युटर हवा, आणि साक्षीदारही हवा. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या: स्वागतकक्षात.

स्वागतकक्षात ताई बसत. चाळिशीच्या, दोन मुलांची आई, बारा वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागलेल्या. तीन महिन्यांच्या बोलीवर आल्या होत्या आणि त्यातले अजून तीन आठवडे बाकी होते. कोणी मोठ्याने शिंकलं तरी ‘माझं काही चुकलं का?’ असा चेहरा करायच्या. काका त्यांना रोज सकाळी एक बिस्किट द्यायचे आणि म्हणायचे, “ताई, श्वास घ्या. श्वास घ्यायला इथे बंदी नाही.”

अकराच्या सुमारास बाहेरच्या बाकावर एकच गिऱ्हाईक होतं, एक सलूनवाले. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. त्यांचं मापाचं काम झालं होतं आणि आज आतल्या यंत्रावर त्यांच्या सॉकेटचा, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीचा, साचा कोरला जाणार होता. माणूस मोठा गमत्या. “तीन महिने स्टुलावर बसून केस कापतोय,” ते काकांना सांगत होते, “मी बसलेला, म्हणून गिऱ्हाइकालाही खाली जमिनीवर बसवावं लागतं. परवा एकजण तिथेच झोपला. आता उभा राहिलो की पहिली कटिंग तुमची, काका. फुकट.”

“माझ्या डोक्यावर कापण्यासारखं आहे काय?”

“म्हणून तर फुकट म्हणालो.”

काका हसत हसत आत गेले आणि ताईंच्या टेबलावर जुडगा ठेवला. “ताई, जरा साक्षीदार व्हा. कोणाचा तरी जीव अडकलाय यात. फोटो बघू, ओळखीचा चेहरा दिसला की काम झालं.”

ताईंनी पेनड्राइव्ह लावला. ‘फोटो’ असं लिहिलेलं एक चित्र दिसलं. त्यांनी त्यावर टिचकी मारली. पडदा एकदा लुकलुकला आणि काहीच झालं नाही. पुन्हा मारली. तरी काही नाही. “रिकामा असेल,” काका हिरमुसून म्हणाले, जुडगा काढून परत घेतला आणि घड्याळात बघून वहीत लिहिलं, ‘११.१० ला उघडला, ताई साक्षीदार, आत फोटो नाहीत.’ हा असला बारकावा लिहिण्यावरून कारखान्यात सगळे त्यांची टर उडवायचे.

पंधरा मिनिटांनी ताई फाटकावर आल्या. स्वागतकक्ष सोडून त्या कधी बाहेर येत नसत. चेहरा पांढराफटक. “काका, भेटींची यादी उघडत नाहीये. फायलींची नावं बदललीत. अक्षरं कसलीतरीच आलीत, आणि एकेक करून पुढे पुढे बदलत चालली आहेत.” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही कोणाला बोलू नका हं. मी बंद करून चालू करते. होईल नीट. नाही झालं तर म्हणेन, सकाळपासूनच बिघडलाय.”

असं का म्हणाल्या ते समजायला स्वागतकक्षात त्यांच्या टेबलामागच्या भिंतीकडे बघितलं तरी पुरे होतं. तिथे साहेबांनी स्वतः लावलेली पाटी होती: ‘निष्काळजीपणा करणाऱ्याची गय केली जाणार नाही.’ साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. माणूस मनाचा चांगला, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या लोकांना वरच्या मजल्यावरचं काहीच विचारावं लागत नसे. मागे एका कारागिराने चुकून एक फाइल पुसली, तेव्हा साहेबांनी आकाशपाताळ एक केलं होतं, आणि तेव्हापासून ही पाटी. त्यानंतर कॉम्प्युटरवाल्या मॅडमना बोलावून एक तासाचं शिक्षणही दिलं गेलं. पण ते कोणाला, तर कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना. काकांनी विचारलं होतं, “मी येऊ का बसायला?” साहेब म्हणाले होते, “तुम्हाला काय करायचंय? तुम्ही फाटक बघा.” ताई तर तेव्हा नोकरीलाच नव्हत्या. म्हणजे ज्या दोघांना तो तास हवा होता, नेमके तेच दोघे बाहेर.

काकांनी हातातल्या जुडग्याकडे पाहिलं. आत्तापर्यंत ती एक बिचारी हरवलेली वस्तू होती. आता ती त्यांना वेगळी दिसायला लागली. पट्टी अगदी कोरी करकरीत. कडीला एक ओरखडा नाही. पितळी किल्ली चकचकीत, कधी कुलपात गेलेली नाही अशी. बावीस अधिक अकरा, तेहेतीस वर्षं हरवलेल्या वस्तू हाताळलेल्या माणसाला हे सकाळीच दिसायला हवं होतं. हरवलेल्या वस्तूला वापराचा मळ असतो. ही वस्तू कोणाची हरवलीच नव्हती. कोणीतरी ती मुद्दाम टाकली होती, आणि काका भलेपणाने ती उचलून, साक्षीदार वगैरे घेऊन, व्यवस्थित वेळ लिहून, कारखान्याच्या आत घेऊन गेले होते.

खोटं कशाला सांगा, काकांच्या मनात पहिला विचार आला तो पळपुटाच होता. पेनड्राइव्ह ताईंच्या कॉम्प्युटरला लागला होता. टिचकी ताईंनी मारली होती. काका गप्प बसले असते तर त्यांचं नाव कधी निघालंच नसतं, कारण ताई ते घेणाऱ्यातल्या नव्हत्या. वर्षभरात निवृत्ती. लोक म्हणाले असते, सापडलेकाका, काय माणूस होता! अकरा वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती, आणि ताई मात्र तीन आठवडे आधीच घरी गेल्या असत्या.

तेवढ्यात बाकावरून सलूनवाल्यांनी हाक मारली, “काका, माझा पाय कुठवर आलाय, जरा विचारता का आत?”

आत. आतल्या मापांच्या कॉम्प्युटरमध्ये सव्वादोन हजार माणसांच्या पायांची मापं होती. कोणाची दहा वर्षांची, कोणाची कालची. एकेक माप घेताना माणूस दोन-दोन तास ओठ चावून बसतो, कारण जखम अजून दुखरी असते. स्वागतकक्षातली अक्षरं ‘पुढे पुढे’ बदलत चालली होती असं ताई म्हणाल्या होत्या. पुढे म्हणजे कुठे, ते काकांना कोणी शिकवलेलं नव्हतं. पण दोन्ही कॉम्प्युटरना जोडणारी निळी वायर त्यांनी रोज पाहिली होती. उन्हाळ्यात तिच्यावरून मुंग्या जायच्या.

“ताई,” काका म्हणाले, “बंद-चालू काही करू नका. हातही लावू नका. तुमच्या कॉम्प्युटरची ती निळी वायर भिंतीतून उपटा. काय व्हायचं ते होऊ दे. मी वर जातो.”

“काका, पाटी...”

“पाटी मी पण वाचलीय. मोठ्या अक्षरात आहे, त्याला चष्मा लागत नाही.”

जिन्याच्या चौदा पायऱ्या. अकरा वर्षांत काका त्या फार तर चार वेळा चढले असतील. साहेब फोनवर बोलत होते. काकांनी दारातूनच सांगितलं, “साहेब, माझ्या हातून चूक झाली. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह मी खाली कॉम्प्युटरला लावायला लावला. त्यात काहीतरी घाण होती. फायली खराब होताहेत.”

साहेबांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. “लावायला लावला? कोणाला? कोणी लावला?”

“मी म्हणालो म्हणून लागला. म्हणजे मीच लावला.”

“तुम्हाला कळतं का काही? सव्वादोन हजार...” आणि आवाज सुटला. खाली चाळीस माणसांची कामं थांबली.

काका उभेच होते. जीभ मात्र त्या दिवशी शाबूत राहिली. साहेब श्वास घ्यायला थांबले तेवढ्या फटीत ते म्हणाले, “साहेब, ओरडा मी सगळा खातो, एक शब्द टाकणार नाही. पण आधी मॅडमना फोन लावा. ओरडा अर्ध्या तासाने शिळा होत नाही. तेवढ्यात मापं मात्र जातील.”

साहेबांनी फोन उचलला.

मॅडमचा आवाज फोनमधून खणखणीत आला. वायर काढली का? काढली. छान. आतला कॉम्प्युटरही लगेच सगळ्यांपासून तोडा. कॉम्प्युटर बंद करू नका, मी निघालेच. आणि पेनड्राइव्ह नेमका किती वाजता लावला? आता अशा प्रश्नाला माणसं सहसा ‘सकाळी कधीतरी’ असं उत्तर देतात. काकांनी काखेतली वही उघडली. “अकरा वाजून दहा मिनिटं.” मग मॅडम म्हणाल्या, “हे कोण बोलतंय? यांना जागेवरून हलू देऊ नका.”

पण काका कसले जागेवर राहतात? त्यांच्या मनात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. ज्याने एक टाकला, त्याने एकच कशाला टाकला असेल? कोणाच्या तरी हाती लागावा म्हणून टाकायचं, तर माणूस दोन-चार ठिकाणी टाकेल. आणि वस्तू कुठे पडल्या तर कोणाच्या नजरेला पडतात हे या कारखान्यात काकांइतकं कोणाला ठाऊक होतं? ते जिना उतरले ते थेट पाण्याच्या टाकीजवळ गेले. नळाखालच्या कट्ट्यावर तसाच जुडगा होता. तशीच पट्टी, ‘घरचे फोटो’. तशीच पितळी किल्ली. काकांनी तो रुमालात बांधला. मग मागच्या दाराची पायरी, जिथे प्लास्टरचं काम करणारे चहाला बसतात. तिथे काही नव्हतं. पण काकांना ते पटेना. पायरीवर काही नाही म्हणजे पडलंच नाही असं नव्हे. उचललंही असेल कोणी.

ते प्लास्टरच्या खोलीत गेले. “मिस्त्री, काही सापडलं का आज सकाळी?”

मिस्त्री म्हणजे तिथले सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी पांढऱ्या हातांनी एप्रनचा खिसा चाचपला. “अरे हो! तुम्हालाच देणार होतो. किल्ली आहे, आणि हा फोटोंचा. म्हटलं, नाव-गाव कळतंय का आपणच बघावं, तुमचा त्रास वाचेल. आता सलूनवाल्यांचा साचा यंत्रावर चढवायचाय ना, तेव्हा त्याच कॉम्प्युटरला लावून...”

“मिस्त्री!” काका इतक्या मोठ्याने ओरडले की वर साहेबांनाही तो आपलाच आवाज वाटला असेल. “खिशातून काढा आणि माझ्या हातावर ठेवा. हळू.”

मिस्त्रींनी तो विंचू असल्यासारखा चिमटीत धरून दिला. कारखान्याची सव्वादोन हजार मापं, सलूनवाल्यांच्या कोरल्या जाणाऱ्या साच्यासकट, त्या एप्रनच्या खिशात होती. आणि मिस्त्रींनी हे करायचं ठरवलं होतं ते काकांचा त्रास वाचावा म्हणून. काका तिथल्याच प्लास्टरच्या पोत्यावर बसले. अकरा वर्षं आपण सगळ्यांना जे शिकवलं ते हे, असं त्यांच्या मनात आलं, आणि वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मॅडम आल्या, पायात साधे बूट, पाठीवर सॅक, वय साहेबांच्या मुलीएवढं. त्यांनी दुपारभर काम केलं. स्वागतकक्षाचा कॉम्प्युटर कामातून गेला होता. त्यावर खंडणी मागणारी एक उद्धट चिठ्ठीही उगवली होती. जतन केलेली प्रत गेल्या आठवड्याची होती, त्यानंतरच्या भेटींची यादी गेली. ती ताईंनी पुढे दोन दिवस लोकांना फोन करकरून पुन्हा उभी केली. पण ती घाण निळ्या वायरीतून आतल्या कॉम्प्युटरच्या उंबरठ्यापर्यंतच पोचली होती. मापं सगळी जागच्या जागी होती. पेनड्राइव्ह टाकणारा कोण, ते कधीच कळलं नाही. चोरीचा नेम माणसांवर असतो, मॅडम म्हणाल्या; कोण कनवाळू आहे, कोण घाबरट आहे, कोण घाईत आहे, यावर ती बेतलेली असते.

चार वाजता साहेबांनी सगळ्यांना खाली बोलावलं. घसा खाकरला. काका टोपी हातात धरून उभे होते. ताई त्यांच्या मागे लपल्यासारख्या.

“शिस्त म्हणून,” साहेब म्हणाले, “ते कपाट आणि ती वही आजपासून...”

“थांबा,” मॅडम मध्येच म्हणाल्या. साहेबांना कोणी मध्येच थांबवलं की काय होतं हे त्यांना माहीत नसावं. “मी अशा खूप ठिकाणी जाते. सगळीकडे कोणीतरी चुकलेलंच असतं. पण बहुतेक ठिकाणी मला ते चार दिवसांनी कळतं, कारण चुकणारा आधी लपवतो. का लपवतो?” त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. बाकीच्या चाळीस जणांनीही पाहिलं. “इथे मला बावीस मिनिटांत फोन आला, वेळेसकट. तुमची मापं माझ्यामुळे नाही वाचली. या ताईंनी वायर उपटली, हे काका जिना चढले, म्हणून वाचली. वही काढून घ्यायची नाही. उलट त्यांना आणखी एक द्या.”

“आणखी एक? कशाला?”

“चुकांची. नको त्या पत्रावर टिचकी मारली, कोणाला फोनवर पासवर्ड सांगितला, काहीही. ज्याच्या हातून झालं त्याने फाटकावर यायचं आणि लिहायचं. काका मला फोन लावतील. कोणी ओरडणार नाही. आणि पुढच्या वेळी मी शिकवायला येईन तेव्हा फाटकापासून सुरुवात करायची.”

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्यांनी मान डोलावली. ताईंची नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी पाटीच्या जागी चार खिळ्यांची भोकं तेवढी होती.

त्या संध्याकाळी काकांनी घरी सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या पेनड्राइव्हचा तिसरा रकाना?”

“भरला.”

“कोणाचं नाव घातलंत?”

“नाव नाही. नवी वही केली, त्यात पहिली ओळ हीच लिहिली. चूक कोणती, किती वाजता, आणि कोणाची. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘माझी.’”

बायकोने त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला, आणि दोघं जेवायला बसली.

सलूनवाले तीन आठवड्यांनी उभे राहिले आणि त्यांनी खरोखर कात्री घेऊन येऊन, चौकीतच, काकांच्या कानामागचे सात-आठ केस कापले. नवी वही हळूहळू भरत गेली. मिस्त्री आले. ताई दोनदा आल्या, दुसऱ्या वेळी तर हसत. हिशेबनीस आले, चेहरा लपवत. तिसऱ्या रकान्यात प्रत्येकाने आपापल्या अक्षरात तोच एक शब्द लिहिला. मॅडमना फोन जायचा, दोन मिनिटांचं काम व्हायचं, आणि पुन्हा जो तो आपल्या जागी.

मग एका दुपारी, सव्वातीनला, जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. साहेब खाली आले. फाटकापर्यंत आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, उगाच कडी हलवून बघितली.

“काका, काय म्हणतोय फाटक?”

“बरं आहे, साहेब.”

“हं.” साहेबांनी खिशात हात घातले, काढले. मग, ज्या आवाजात ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असावेत अशा आवाजात म्हणाले, “मला एक पत्र आलं होतं कॉम्प्युटरवर. वर्षातले उत्कृष्ट उद्योजक म्हणून माझी निवड झालीय असं. फोटो आणि पासवर्ड भरा म्हणाले.”

“मग?”

“फोटो चांगला निवडून भरला.”

काका हसले नाहीत. यासाठी त्यांना काय कष्ट पडले असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. “वायर काढली का, साहेब?”

“काढली. मॅडमना मीच फोन लावला. त्या म्हणाल्या, पासवर्ड बदलते, पण तुम्ही आधी फाटकावर जाऊन या.”

काकांनी कपाट उघडलं, दुसरी वही काढली, पान उघडून साहेबांसमोर ठेवलं आणि घड्याळाकडे बोट केलं. साहेबांनी वेळ लिहिली. पत्राचं लिहिलं. मग त्यांचा हात तिसऱ्या रकान्यापाशी येऊन थांबला. वरपासून खालपर्यंत, वेगवेगळ्या हातांनी, निळ्या-काळ्या शाईत, एकाखाली एक तोच शब्द होता. साहेबांनी तो रकाना वरून खालपर्यंत सावकाश वाचला, अगदी पहिल्या ओळीपासून.

मग त्यांनी पेन टेकवलं आणि सगळ्यांच्या खाली, इतरांच्याच आकाराच्या अक्षरात लिहिलं, ‘माझी.’